चीर सापडल्यावर

संशयी : येलदरीचे दहाही दरवाजे, वीजघराचा लोखंडी सांगाडा, आतल्या क्रेनचे गर्डर, सगळ्यांची एकदा यंत्र लावून तपासणी व्हावी, असं तुझं म्हणणं. धरण १९६८ साली पुरं झालं. तेव्हापासून पूर्णेचे सगळे पूर याच दरवाजांतून सिद्धेश्वरच्या जलाशयाकडे गेले. वीजघरात साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांचं जड काम छताखालच्या गर्डरांनीच सोसलं. या पोलादाने आपली परीक्षा दिली आहे. आता तू रंग खरवडणार, यंत्र फिरवणार आणि काही ना काही काढणारच. शोधायला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत जाणं परवडत नाही. त्याचं बिल त्यावर असतं.

आग्रही : बिलाचा मुद्दा खरा आहे, काका, त्याच्याकडे मी येतो. आधी परीक्षेचं बोलू. दगडी बांधकाम खचायला लागलं की आधी कुरकुर करतं, कुठे फुगतं, कुठे ओल दाखवतं. पोलादातली चीर तसं काही करत नाही. ओझं चढतं-उतरतं तशी ती केसाकेसाने पुढे सरकते, आणि एका ठरावीक लांबीनंतर जोडणी एका क्षणात तुटते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, हे आपल्याकडे सगळ्यांना आठवतं. त्यानंतर चारच दिवसांनी अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसं गेली. तो पूल १९२८ पासून उभा होता. साखळीतल्या एका पट्टीत, पिनच्या भोकाच्या कडेला, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर होती. आदल्या दिवशी कुणी विचारलं असतं तर त्यालाही हेच उत्तर मिळालं असतं, की पुलाने परीक्षा दिली आहे.

संशयी : उदाहरण तू दिलंस, पण ते माझ्या बाजूचं आहे. ती चीर सांधा पूर्ण उकलल्याशिवाय त्या वेळच्या कोणत्याही तपासणीत दिसली नसती, असंच चौकशीत निघालं. मग तपासणी काय कामाची? खरं दुखणं रचनेत होतं. साखळीच्या प्रत्येक कडीत दोनच पट्ट्या. एक तुटली की दुसरीला तोल सांभाळता येत नाही आणि सगळा पूल खाली. मोठ्या इमारतीत सहसा असं नसतं. एक तुळई गेली तर भार बाजूच्या तुळयांवर सरकतो, जमीन खचल्यासारखी वाटते, दारं अडकतात, माणसाला कळतं. म्हणून चीर कुठे आहे हे विचारण्याआधी, हे तुटलं तर पाठोपाठ काय पडेल, हे विचारायला हवं. ते विचारायला यंत्र लागत नाही. नकाशा लागतो, आणि तो वाचणारा माणूस.

आग्रही : मान्य. मघाशी मी सगळ्यांची तपासणी म्हणालो, ते मागे घेतो. वीजघराच्या खांबांवर जवळजवळ कायम तेवढंच ओझं असतं. तिथे थकव्याची चीर शोधणं म्हणजे पैसे घालवणं. क्रेनचा गर्डर वर्षात थोडे दिवस वापरला जातो, पण त्या दिवशी त्याच्यावर इमारतीतलं सर्वांत जड ओझं लटकतं. तिथे चीर असली तर ती बहुधा कारखान्यातूनच आलेली असेल, वेल्डच्या पोटात दडलेली. दरवाजांची गोष्ट वेगळी. दरवाजा थोडासाच उघडला की खालून सुटणारं पाणी त्याला थरथरवतं. त्यातही त्याला मागून तोलून धरणाऱ्या हातांवर दाब येतो, आणि दाबाखाली चीर सहसा वाढत नाही. ताण येतो आडव्या तुळयांच्या मागच्या पट्टीला, मधोमध. त्या पट्टीवर कुणी कधीकाळी शिडीचा कोन किंवा दिव्याची तार धरायला एखादी कडी वेल्ड केली असेल, तर माझा पहिला हात तिथे जाईल. उत्तर समुद्रातला अलेक्झांडर कीलँड नावाचा तरंगता तळ २७ मार्च १९८० ला उलटला, १२३ माणसं बुडाली. सुरुवात कुठून झाली? एक उपकरण बसवायला लावलेल्या आधाराच्या किरकोळ वेल्डपासून. त्या चिरेत आत रंग सापडला. म्हणजे कारखान्यात रंगवतानाच ती होती, आणि तिच्यावरून कुंचला फिरला होता.

संशयी : आता तू जागा नेमकी सांगू लागलास, हे बरं झालं. पण मग मला ती पट्टी उघड्या डोळ्यांनी पाहणारा माणूस पुरतो. हातात विजेरी, भिंग, तारेचा ब्रश. गंजाची एक बारीक तपकिरी रेघ रंगातून डोकावली की त्याला कळतं.

आग्रही : कळतं, जर रंग फाटला असेल तर. चीर बारीक असते तेव्हा रंग तिच्यावर ताणून राहतो. म्हणून रंग काढून डीपी करायची: लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरी पूड फवारायची, आणि फटीत शिरलेला लाल रंग परत वर येण्याची वाट पाहायची. खर्च फारसा नाही, जवळच्या जिंतूरच्या पोरालाही चार दिवसांत शिकवता येईल. पण ती फक्त वर तोंड उघडलेली चीर दाखवते. चुंबकीय तपासणीत लोहचूर्ण टाकायचं. चिरेपाशी चुंबकीय रेषा बाहेर पडतात, चूर्ण तिथे गोळा होतं, आणि चीर पृष्ठभागाच्या जरा खाली असली तरी सापडते. पोटातल्या चिरेसाठी मात्र अल्ट्रासोनिकच हवं. ध्वनीची लहर आत जाते, अडथळ्यावर आपटून परत येते, पडद्यावर उंचवटा दिसतो. तो उंचवटा चिरेचा, की वेल्डमध्ये अडकलेल्या राखेचा, की मुळाशी राहिलेल्या पट्टीच्या कडेचा, हे ओळखणं ही खरी विद्या.

संशयी : आणि हीच विद्या मोठमोठ्यांना चकवून गेली. लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला १७ जानेवारी १९९४ ला भूकंप झाला. लोखंडी सांगाड्यांच्या उंच इमारती तिथे सर्वांत भरवशाच्या मानल्या जात. त्या प्रकारची एकही पडली नाही, आणि सगळे निश्चिंत झाले. मग कुणीतरी आगीपासून बचावाचा लेप खरवडून पाहिला, तर तुळई खांबाला जिथे जोडली होती तिथल्या खालच्या पट्टीचे वेल्ड चिरलेले. शंभरावर इमारतींत. कारणं पुढे कळली: ठिसूळ पडणारा वेल्डचा धातू, मुळाशी तशीच सोडलेली आधारपट्टी, कमी पडलेली कारागिरी. इथवर हा तुझ्या बाजूचा पुरावा आहे, मी नाकारत नाही. पण पुढचं ऐक. मग सगळीकडे अल्ट्रासोनिक फिरलं, आणि वेल्डच्या मुळाशी असंख्य खुणा निघाल्या. त्या भूकंपाच्या चिरा म्हणून नोंदल्या गेल्या, कापल्या गेल्या, पुन्हा भरल्या गेल्या. २००० साली अभ्यासानंतरच्या मार्गदर्शिका आल्या, आणि त्यांनी सांगितलं की मुळाशी असलेल्या या खुणा बऱ्याचशा बांधतानाच्याच उणिवा आहेत, भूकंपाचं नुकसान म्हणून मोजू नका. तोवर किती धडधाकट जोडण्या उघडल्या गेल्या असतील! इमारतीत, छतात डोकं खाली घालून, भार तसाच असताना, कार्बनच्या कांडीने खोदून काढलेल्या. असं दुरुस्त केलेलं वेल्ड मुळातल्यापेक्षा चांगलं असेल, असं तू छातीवर हात ठेवून सांगशील?

आग्रही : सगळ्यांबद्दल नाही सांगणार. भूकंपाने तपासणी आणि दुरुस्तीला एकाच दिवशी जुंपलं, त्याची ती किंमत होती. आपल्याकडे २१ मार्च २०२४ ला हिंगोलीला ४.५ चा धक्का बसला, परभणी-नांदेडपर्यंत जाणवला. लोकांनी घरांच्या भिंती पाहिल्या. कुणी वीजघराच्या गर्डरचे सांधे पाहिले असते, आणि एखादी खूण सापडली असती, तर ती धक्क्याची की साठ वर्षांपूर्वीची, हे सांगायला काय होतं त्याच्याजवळ? काहीच नाही. धक्क्याआधीची नोंदच नव्हती. नॉर्थरिजचं पाप यंत्राचं नव्हतं. आधीचं माप नसताना प्रत्येक खुणेला नवी समजलं गेलं, हे ते पाप.

संशयी : असं म्हणतोस तर मी थोडा पुढे येतो. पण आधी दुरुस्तीचं बोल. तपासणारा निघून जातो, वेल्डर राहतो. इथे येणारा वेल्डर कसा असतो, मला माहीत आहे. रॉडचा डबा फोडून आठ दिवस पावसाळी हवेत उघडा, आणि तोच रॉड लावून तो म्हणणार, साहेब, पक्कं झालं.

आग्रही : तो रॉड म्हणजे चिरेचं बियाणं, हे अगदी खरं. हवेतलं पाणी रॉडच्या लेपात शिरतं, वेल्डिंगच्या उष्णतेने त्यातला हायड्रोजन धातूत उतरतो, आणि धातू थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, कडेला नवी चीर पडते. म्हणून माझी दुरुस्ती लांब आणि कंटाळवाणी आहे. आधी चिरेची दोन्ही टोकं डीपीने पक्की करायची. डोळ्याला दिसतं ते टोक खरं नसतं. टोकाच्या जरा पुढे भोक पाडायचं, म्हणजे कामाच्या धक्क्याने ती पळणार नाही. हे भोक तात्पुरतं, त्याला दुरुस्ती समजून कुणी निघून जाऊ नये. मग खोदायचं, ग्राइंडरने साफ करायचं, आणि भरण्याआधी पुन्हा तपासायचं की चीर खरंच संपली. जुन्या पोलादाचा छोटा नमुना घेऊन त्याची घडण पाहायची. साठीतल्या पोलादात गंधक किती, कार्बन किती, हे न पाहता आजचा रॉड आणि आजचा वेग लावला तर कडक झालेला पट्टा फाटतो. रॉड भट्टीत वाळवलेला, वेल्डरच्या हाताशी गरम पेटीत ठेवलेला. पट्टी आधी तापवलेली. बारीक-बारीक थर. शेवटची तपासणी अठ्ठेचाळीस तासांनी, कारण हायड्रोजन घाई करत नाही. यातली एक पायरीही गाळायची असेल तर मी म्हणेन, चिरेला हात लावू नका.

संशयी : मग निविदेत हे सगळं लिहिशील? लिहिलंस तर तीनपट दर येईल आणि काम मंजूर होणार नाही. नाही लिहिलंस तर तोच डबा उघडा.

आग्रही : म्हणूनच प्रत्येक चिरेला वेल्ड हे उत्तर नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं सेल्सफोर्स ट्रान्झिट सेंटर, ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झालेली नवी कोरी इमारत. २५ सप्टेंबरला तिच्या एका तुळईला चीर दिसली, मग शेजारच्या तुळईला. जवळजवळ शंभर मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. वेल्डसाठी कापलेल्या भोकांच्या कडांना ज्योतीने आलेला ठिसूळपणा, त्यातल्या सूक्ष्म चिरा, वर एवढी जाड आणि मधोमध कमी चिवट पट्टी. तिथे त्यांनी पुन्हा वेल्ड केलं नाही. दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या लावून बोल्ट आवळले, भार चिरेला वळसा घालून नेला. जुलै २०१९ मध्ये इमारत पुन्हा उघडली. बोल्ट काढता येतो, तपासता येतो, पुन्हा आवळता येतो.

संशयी : हं. आणि ती चीर कुणाला सापडली, ते तू गाळलंस. छताचे पत्रे बसवणाऱ्या कामगाराला. यंत्रवाल्याला नव्हे.

(इथे दोघंही एकदम बोलू लागले. तो भाग गाळतो. त्यात चढलेल्या आवाजाखेरीज नवं काही नव्हतं.)

आग्रही : सापडली कामगाराला, आणि ती खरी चीर आहे हे कळलं तज्ज्ञाला. दोघंही हवेत. एकाची नजर, दुसऱ्याचं माप.

संशयी : आणि तिसरा, कागदावर सही करणारा. मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ ला पडला. तपासणी झालेली होती. अहवालात पूल किरकोळ दुरुस्तीसह वापरायला योग्य असं लिहिलं होतं. माणसं मेली ती अहवालाखाली. तुझं यंत्र कितीही चांगलं असू दे, शेवटी ते शब्दांत उतरतं आणि शब्द सोयीचे होतात.

आग्रही : म्हणून शब्द नकोत, माप हवं. 'किरकोळ' हे माप नाही. 'दरवाजा क्रमांक चार, खालची आडवी तुळई, मागची पट्टी, डावीकडून अमुक मिलिमीटरवर, लांबी अकरा मिलिमीटर, अमुक तारीख' हे माप. मिसिसिपीवरच्या मेम्फिसच्या पुलात ११ मे २०२१ ला मोठी चीर सापडली आणि पूल बंद झाला. नंतर लोकांनी जुनी छायाचित्रं धुंडाळली. २०१९ च्या ड्रोनच्या चित्रात ती होती. २०१६ मध्ये नदीतून होडी वल्हवत गेलेल्या एकाच्या छायाचित्रातही होती. पाहणी होत होती, चित्रं निघत होती, पण मागच्या वर्षीचं चित्र शेजारी ठेवून कुणी पाहिलं नाही.

संशयी : हे मला पटतं. पण माझा खरा मुद्दा अजून राहिला. तू चिरेच्या मागे लागलास की बाकीचं विसरतोस. कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणाचा तिसरा दरवाजा १७ जुलै १९९५ ला उघडताना तुटला आणि जलाशयातलं चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी वाहून गेलं. त्यामागे चीर नव्हती. दरवाजा ज्या पिनभोवती फिरतो तिथलं घर्षण वंगणाअभावी, गंजामुळे वाढत गेलं आणि हात वाकून त्यातला आधार निसटला. मूळ आराखड्यात ते घर्षण धरलंच नव्हतं. आपल्या शेजारच्या तुंगभद्रेचं बघ: ऑगस्ट २०२४, एकोणिसाव्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. कोसळणाऱ्या पाण्याच्या धारेत पुन्हा अडथळा बसवायला आठवडा लागला. येलदरीला तुझ्या यंत्रावर खर्च होणारे पैसे मी आधी ग्रीसला देईन, दोरखंडाला देईन, सगळे दरवाजे वर्षातून एकदा पूर्ण वर-खाली करायला देईन.

आग्रही : दे. मी आड येत नाही. ग्रीस पहिलं, हे मी लिहूनही देतो. पण तू दिलेलं प्रत्येक उदाहरण हेच सांगतं की तुटलेला भाग आधी कुणी मापला नव्हता. तुंगभद्रेची साखळी सत्तर वर्षांची. कडीचा वेल्ड किंवा जाडी दर वर्षी मापायला अल्ट्रासोनिकचं हातातलं यंत्र पुरलं असतं.

संशयी : पुरलं असतं, असं घटनेनंतर म्हणता येतं. बरं, समजू की तू मापलंस. दरवाजा क्रमांक चारची अकरा मिलिमीटरची चीर सापडली. तिथे ताण कमी, वाढण्याची शक्यता कमी. तू स्वतःच म्हणतोस, हात लावू नका, फक्त नोंदवा. आता तो कागद कार्यकारी अभियंत्याच्या टेबलावर जातो. त्याने लिहायचं, 'काहीही करू नये', आणि खाली सही. पुढच्या पावसाळ्यात काही झालं तर तो अडकतो. त्याऐवजी दुरुस्तीचा हुकूम काढला, ठेकेदाराने ओल्या रॉडने भरली आणि दोन वर्षांनी तिथेच मोठी चीर पडली, तर ठेकेदार अडकतो. सांग, तो काय करेल? म्हणून मी म्हणतो, सापडलेली प्रत्येक चीर दुरुस्त होते, मग ती करावी लागो वा न लागो. तुझ्या तपासणीने पोलाद सुरक्षित होत नाही. कुणाची मान अडकणार, एवढंच ठरतं.

आग्रही : याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एक अर्धं आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, अशी दोनदा पाहणी सक्तीची केली. नाशिकची धरण सुरक्षितता संघटना १९८० पासून हे काम पाहते. 'हात लावू नये' या निर्णयाला चिरेची लांबी, जागा आणि मर्यादा जोडून द्यायची: अमुक लांबी ओलांडली तर काम, नाही तर नोंद. मग सही एका माणसाची राहत नाही, मर्यादेची होते.

संशयी : मर्यादा ठरवणाराही माणूसच. पण ठीक, ते सोड. तुझ्या दोन पाहण्यांतच एक गाठ आहे. मे महिन्यात पाणी सांडव्याच्या माथ्याखाली असतं. दरवाजे कोरडे, पालख बांधता येतो, वेल्डिंग करता येतं. पण दरवाजावर पाण्याचा भार नाही, म्हणून चीर मिटलेली. डीपीचा रंग आत शिरत नाही, अल्ट्रासोनिकची लहरही मिटलेल्या फटीतून निसटते. ऑक्टोबरात जलाशय भरलेला. ताण आहे, चीर उघडी, दिसेल तेव्हाच दिसेल. पण तेव्हा तिला हात लावता येत नाही. मागून पूर्ण पाणी, आणि भाराखाली खोदायला कुणी धजावणार नाही. ज्या पाहणीत दिसतं त्यात करता येत नाही, आणि ज्यात करता येतं त्यात दिसत नाही.

आग्रही : हे कुणी मला इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. मग माप ऑक्टोबरातच घ्यायला हवं, आणि काम मे महिन्यात, ऑक्टोबरच्या कागदावरून. चिरेच्या दोन्ही टोकांना पंच ठोकून खूण करून ठेवायची, म्हणजे मे मध्ये ती दिसली नाही तरी जागा सापडेल.

संशयी : आणि या ऑक्टोबरात अकरा मिलिमीटर आली, पुढच्या ऑक्टोबरात चौदा. पण गेल्या वर्षी धरण ऐंशी टक्के भरलं होतं आणि या वर्षी शंभर. चीर वाढली, की जास्त भाराखाली नुसती जास्त उघडली आणि पूर्वी न दिसलेलं टोक दिसलं, हे तू कसं ठरवणार?

आग्रही : दोन वर्षांत नाही ठरवता येणार. प्रत्येक मापाशेजारी त्या दिवशीची पाणीपातळी लिहायची, आणि त्याच पातळीला पुन्हा मापायचं. तिसरा ऑक्टोबर लागेल, कदाचित चौथा.

संशयी : आणि मधल्या तीन पावसाळ्यांत तो दरवाजा उघडायचा की नाही?